जुन्या गाडीचं टोकन डीलर परत देत नाही, तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे गाडी आवडली. "आज टोकन दिलं नाही तर उद्या गाडी जाईल," असं ऐकून त्याच दिवशी यूपीआयने २१,००० रुपये दिले. पावती मिळाली, तिच्यावर "टोकन रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असा शिक्का. चार दिवसांनी कागदपत्रं तपासली तेव्हा आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, तशीच असल्याचं दिसलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत गाडीचे किलोमीटर मीटरवर दिसतात त्यापेक्षा बरेच जास्त निघाले. सौदा नको म्हटल्यावर डीलर म्हणतो, "टोकन विसरा, हवी तर दुसरी गाडी घ्या." हे पैसे मिळतील का?

मिळायला हवेत, आणि पूर्ण मिळायला हवेत. ग्राहक आयोगासमोर अशी प्रकरणं चालवताना मला सतत एक गोष्ट दिसते. डीलर आणि ग्राहक दोघंही पावतीवरच्या शिक्क्याभोवती भांडत राहतात. प्रत्यक्षात निकाल दोनच गोष्टींवर ठरतो: सौदा कोणामुळे मोडला, आणि त्यात डीलरचं खरंखुरं किती नुकसान झालं. या दोन्ही गोष्टी कागदावर आणायचं काम तुमचं आहे, आणि ते पहिल्या आठवड्याभरात केलं तर सोपं जातं.

आधी शिक्क्याचं बघू. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७४ असं सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची किंवा जप्त होईल असं करारात लिहिलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते, तेवढी मिळेलच याची हमी नसते. याच कलमात "प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालं असो वा नसो" असे शब्द आहेत आणि डीलरचे वकील नेमके तेच वाचून दाखवतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात त्याचा अर्थ स्पष्ट केला. लष्कराला बटाटे आणि कोंबड्या, अंडी, मासे पुरवण्याचे ते कंत्राट होतं. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने ठेकेदाराच्या अनामत रकमा जप्त केल्या. न्यायालय म्हणालं, बाजारात दुसरीकडून माल घेताना किती जास्त पैसे पडले हे सरकारला सहज दाखवता आलं असतं. ते दाखवलं नाही, मग रक्कम ठेवून घेता येणार नाही. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हा मुद्दा तिथून पक्का झाला.

२०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल तर तुमच्या वादाला फारच जवळचा आहे. १९८२ च्या लिलावात ३.१२ कोटींची बोली लावणाऱ्याने २५ टक्के म्हणजे ७८ लाख भरले होते. पुढे प्राधिकरणाने सौदा रद्द करून ती रक्कम जप्त केली, आणि तोच भूखंड १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला. न्यायालयाने ७८ लाख परत करायला लावले. खरेदीदाराने करार मोडलेलाच नव्हता, आणि प्राधिकरणाचं नुकसान तर झालंच नव्हतं, उलट फायदा झाला होता. आता हेच गाडीला लावून पाहा. तुम्ही नाही म्हटल्यावर डीलरने तीच गाडी पंधरा दिवसांत त्याच किंवा जास्त किमतीला विकली, तर त्याचं नुकसान कोणतं?

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आयोगासमोर ती मांडली जाणारच. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेला वाजवी बयाणा, खरेदीदाराच्याच चुकीने सौदा मोडला तर विक्रेता ठेवून घेऊ शकतो. श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तशी जप्ती मान्य केली होती. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालातही हाच धागा आहे: बयाणा म्हणून दिलेली रक्कम जप्त होऊ शकते, पण किमतीचा निव्वळ हप्ता म्हणून दिलेला अॅडव्हान्स तसा जप्त करता येत नाही. म्हणून पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते आज वाचा. "गाडीच्या किमतीपोटी अॅडव्हान्स" असं असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम. "टोकन" किंवा "बुकिंग" असं मोघम असेल, तर सौद्याच्या अटी ठरल्या होत्या का, हे बघितलं जातं. पण दोन्ही प्रकारांत एक पूर्वअट कायम आहे: चूक खरेदीदाराची हवी.

आणि तुमच्या बाबतीत ती नाही. बोजा असलेली गाडी नावावर करून द्यायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते. कर्ज फिटलं असेल तर कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. डीलरने टोकन घेताना हे सांगितलं नसेल, किंवा "सगळे कागद क्लिअर आहेत" असं सांगितलं असेल, तर तुमची संमती चुकीच्या माहितीवर मिळवली गेली. करार कायद्याची कलमं १७, १८ आणि १९ यासाठीच आहेत: फसवून किंवा चुकीचं सांगून मिळवलेल्या संमतीचा करार ज्याची फसवणूक झाली तो रद्द करू शकतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो अनेक चांगली प्रकरणं कमकुवत करतो. कलम १९ ला अपवाद आहे. समोरच्याने चुकीचं विधान केलं किंवा नुसता गप्प राहिला, आणि तुम्हाला साधी काळजी घेऊन खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. डीलर हमखास म्हणतो, "आरसीवरचा बोजा अॅपवर दिसतो, त्यांनी आधी का नाही पाहिला?" बोजाच्या बाबतीत या युक्तिवादात थोडा दम आहे. किलोमीटरच्या बाबतीत नाही. जाणूनबुजून खोटं सांगणं किंवा खरं लपवण्यासाठी काहीतरी करणं हा सरळ कपट आहे आणि त्याला हा अपवाद लागू होत नाही. मीटर मागे फिरवलेलं असेल आणि जाहिरातीत किंवा मेसेजमध्ये तेच कमी किलोमीटर छापलेले असतील, तर तो तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा. पत्रात तो पहिला लिहा, बोजा दुसरा. बहुतेक लोक उलट करतात, कारण बोजा आधी सापडलेला असतो.

मग आता लगेच गोळा करायचं ते हे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तारखेसकट, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि किंमत दिसतील असे. जाहिरात काढून टाकायला डीलरला अर्धा मिनिट लागतो. सर्व्हिस सेंटरकडून नोंदींची प्रिंट, ज्यात तारीख आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग दोन्ही असेल. तुम्ही चालवून पाहताना डॅशबोर्डचा फोटो काढला असेल तर तो जपून ठेवा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर दिसणारी गाडीची माहिती: मालकाचा क्रमांक (सध्याचा मालक कितवा ते), बोजा, विम्याची मुदत. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पैसे कोणाच्या नावावर गेले ते नाव. हे शेवटचं लोक विसरतात. पैसे फर्मच्या खात्यात न जाता मालकाच्या भावाच्या किंवा एखाद्या सेल्समनच्या वैयक्तिक खात्यात गेले असतील, तर पत्र आणि तक्रार दोन्हींत त्या व्यक्तीचं नाव घालावं लागतं. नाहीतर फर्म म्हणते, "आमच्याकडे पैसे आलेच नाहीत."

व्हॉट्सअॅपच्या गप्पा मोबाइलमधून उडवू नका. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरी प्रमाणपत्र जोडलेलं बरं. रोख दिले असतील आणि पावती नसेल तरी खचून जाऊ नका. "काल दिलेल्या २१,००० ची पावती पाठवा" असा साधा मेसेज करा. उत्तरात त्याने "पाठवतो" लिहिलं तरी पैसे मिळाल्याची कबुली झाली. बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, तेही वर.

आता पत्र. फोनवर भांडणं बंद करा. फोनवर डीलर तुम्हाला "बघू", "मालकाशी बोलतो", "सोमवारी या" म्हणत झुलवत राहतो आणि महिन्याभराने तुमच्या हातात काहीच नसतं. वकिलाची नोटीस पाठवणं सक्तीचं नाही. रक्कम लहान असेल तर आधी स्वतःच्या नावाने पत्र पाठवा असंच मी सांगतो. पत्र ईमेलने, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून आणि स्पीड पोस्टने, तिन्ही मार्गांनी जाऊ द्या. मजकूर साधारण असा:

"मी दि. ____ रोजी आपल्याकडील वाहन क्रमांक ____ यासाठी २१,००० रुपये यूपीआयद्वारे दिले (व्यवहार क्रमांक ____). आपल्या दि. ____ च्या जाहिरातीत वाहन ____ किलोमीटर चालल्याचे नमूद होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीनुसार दि. ____ रोजीच वाहन ____ किलोमीटर चालले होते. तसेच नोंदणी प्रमाणपत्रावर ____ यांचा बोजा असून तो टोकन घेताना मला सांगण्यात आला नाही. चुकीच्या माहितीच्या आधारे झालेला हा सौदा मी या पत्राद्वारे रद्द करीत आहे. वाहनाचा ताबा मी घेतलेला नाही. आपण ते अन्य कोणासही विकण्यास मोकळे आहात. संपूर्ण २१,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या पुढील खात्यात जमा करावेत. रकमेतून काही वजा करावयाचे असल्यास त्याचा तपशील व पुरावा याच मुदतीत लेखी द्यावा. तसे न झाल्यास मी व्याज, भरपाई व खर्चासह ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

यात दोन वाक्यं मुद्दाम आहेत. "अन्य कोणासही विकण्यास मोकळे आहात" या वाक्याने डीलरचा "तुमच्यासाठी गाडी अडकवून ठेवली, गिऱ्हाईक गेलं" हा दावा त्या तारखेला संपतो. आणि "वजा करावयाचे असल्यास तपशील द्या" हे वाक्य त्याच्यावर नुकसान दाखवण्याची जबाबदारी टाकतं. तो गप्प राहिला तर आयोगासमोर तेच दाखवायचं: विचारलं होतं, सांगता आलं नाही. पत्रात शिवीगाळ, "बघून घेतो", सोशल मीडियावर बदनामी करण्याची धमकी यातलं काहीही नको. ते पत्र उद्या तुमच्याच तक्रारीला जोडलं जाणार आहे.

त्यानंतर दर काही दिवसांनी ती गाडी जाहिरातीत आहे का ते पाहा आणि स्क्रीनशॉट घेत राहा. किंमत वाढवून परत लावलेली असेल तर उत्तमच. काही आठवड्यांनी वाहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक एकने वाढलेला दिसला, तर गाडी विकली गेल्याचा तो सरकारी नोंदीतला पुरावा.

पत्र मिळाल्यावर डीलर जे करतात ते ठरलेलं असतं. पहिलं, "टोकन दुसऱ्या गाडीला वळवा." मनापासून दुसरी गाडी हवी असेल तरच हो म्हणा, आणि तेही लेखी. हो म्हटल्याने जुना सौदा तुम्ही स्वखुशीने बदलला असा अर्थ निघतो आणि पहिल्या गाडीतल्या फसवणुकीचा मुद्दा विरतो. दुसरं, "पैसे मूळ मालकाला दिले, तो परत देत नाही." इथे डीलर नक्की कोण आहे ते बघावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन प्राधिकरणाचं अधिकारपत्र घेणं आलं. मालकाने गाडी डीलरकडे सोपवताना फॉर्म २९सी मध्ये तशी सूचना द्यायची असते आणि त्यानंतर डीलर त्या गाडीचा मालक मानला जातो. डीलरला लेखी विचारा: तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का, या गाडीचा २९सी झाला आहे का? झाला असेल तर "मालक देत नाही" हे उत्तर टिकत नाही. झाला नसेल आणि तो स्वतःला केवळ एजंट म्हणवत असेल, तर टोकन घेताना त्याने मूळ मालकाचं नाव सांगितलं होतं का ते बघा. करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे, मालकाचं नाव उघड न करणारा एजंट स्वतः बांधला जातो असं गृहीत धरलं जातं. पावती त्याच्या फर्मच्या नावाने असेल तर प्रश्नच मिटला.

तिसरा प्रकार म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. यात नाही म्हणण्यासारखं काही नाही, उलट रोखीच्या आश्वासनापेक्षा चेक कितीतरी बरा. पण तो परत आला तर घड्याळ लगेच सुरू होतं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाका. न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या) कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक नोटीस उशिरा गेल्याने हे हत्यार बोथट होतं, म्हणून चेक हातात आला की तारखा लिहून ठेवा. आणि चेकच्या बदल्यात मूळ पावती परत देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ पावती पैसे जमा झाल्यावरच द्या.

१५ दिवस गेले आणि काही हललं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. ही यंत्रणा आदेश देऊ शकत नाही, ती कंपनीला तक्रार पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. नाव असलेल्या मोठ्या कंपन्या तिथे बऱ्याचदा पैसे सोडतात, रस्त्याकडेच्या छोट्या डीलरवर फारसा परिणाम होत नाही. तरीही तक्रार क्रमांक घ्या, तुमच्या प्रयत्नांची ती नोंद राहते.

गाडी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर बुक केली असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तुमच्या बाजूला आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. शिवाय कंपनी स्वतः एकतर्फी सौदा रद्द करते तेव्हा तेवढाच आकार सोसत नसेल, तर ती ग्राहकाकडून कॅन्सलेशनचे पैसे घेऊ शकत नाही. हा नियम फार थोड्या लोकांना माहीत आहे. ईमेलमध्ये तो नमूद केला की उत्तराचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने इथे एक मोठी सोय केली: डीलर कुठेही असो, तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, स्वतः हजर राहून चालवता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार मिळाल्यावर डीलरला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या निकालात स्पष्ट केलं. छोटे डीलर ही तारीख वारंवार चुकवतात. तुम्ही ती मोजत राहा आणि ४६ व्या दिवशी त्यांचं उत्तर न घेण्याचा अर्ज द्या. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. हे मनाशी धरूनच उतरा.

तक्रार लिहिताना एक खड्डा टाळा. कायद्यात "अन्यायकारक करार" अशी स्वतंत्र संकल्पना आहे, आणि नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट त्यात मोडते. शिक्का पाहून हेच लिहावंसं वाटतं. पण करार अन्यायकारक ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, तो राज्य आयोगापासून सुरू होतो. जिल्हा आयोगात तुमचा आधार "अनुचित व्यापार प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" हाच ठेवा: किलोमीटरबद्दल दिशाभूल, बोजा लपवणं, कारण नसताना रक्कम अडवणं. शिक्क्याला उत्तर म्हणून कलम ७४ आणि वरचे निकाल. मागणी नेमकी ठेवा: २१,००० रुपये, दिलेल्या तारखेपासून व्याज, मनस्तापाची माफक भरपाई, तक्रारीचा खर्च. २१,००० च्या वादात पाच लाखांची भरपाई मागितली की सगळ्या तक्रारीकडेच संशयाने पाहिलं जातं. गाडी टॅक्सी म्हणून चालवायला घेत होतात तर "स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी" हे शब्द तक्रारीत असू द्या, नाहीतर व्यापारी हेतूचा आक्षेप येतो. आदेश होऊनही डीलरने पैसे दिले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या टप्प्यावर बहुतेक जण पैसे भरतात.

पोलिसांकडे जायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे, पण त्यासाठी पैसे घेतानाच बेइमानीचा हेतू होता हे दिसावं लागतं. एकच गाडी पाच जणांना दाखवून पाचही टोकन घेतली, गाडी मुळात डीलरकडे नव्हतीच, आरसी बनावट होती, मीटर फिरवल्याचा थेट पुरावा आहे, अशा वेळी जरूर जा. नुसती परताव्याची टाळाटाळ असेल तर पोलीस "दिवाणी बाब" म्हणून परत पाठवतील आणि तुमचे आठवडे जातील. डीलरच खोटा निघाला, म्हणजे ऑनलाइन फोटो दाखवून पैसे घेऊन फोन बंद, तर मात्र एक तासही थांबू नका. १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची खरी आशा असते.

आता ज्यांची परिस्थिती प्रश्नापेक्षा वेगळी आहे त्यांच्यासाठी. कर्ज मंजूर न झाल्याने सौदा मोडला असेल, तर कर्जाची अट लेखी होती का हे निर्णायक ठरतं. "लोन पास झालं तरच" असं मेसेजमध्ये जरी असलं, तरी तो घटनेवर अवलंबून असलेला करार होतो. ती घटना घडणं अशक्य झालं की करार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे करार संपतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेले पैसे परत द्यावे लागतात. बँकेचं नकारपत्र जोडा. डीलरनेच "लोन मी करून देतो, शंभर टक्के होईल" असं सांगितलं असेल तर ते संभाषण शोधून काढा.

आणि गाडीत काही दोष नाही, डीलरने काही लपवलेलं नाही, फक्त मन बदललं किंवा दुसरीकडे स्वस्त मिळाली, तर बाजू दुबळी आहे. टोकन दिल्यावर अमुक दिवसांत विनाकारण माघार घेण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. अशा वेळी हक्काची भाषा करू नका. जितक्या लवकर कळवाल तितकं डीलरचं नुकसान कमी आणि तुमच्या हाती येणारी रक्कम जास्त. त्याच दिवशी लेखी कळवा, गाडी मोकळी करा, आणि त्याचा खरा खर्च वजा करून बाकीची रक्कम देण्याची विनंती करा. तुमच्यासाठी त्याने टायर बदलले असतील, विमा काढला असेल, तर तो खर्च त्याचा न्याय्य आहे. अशा प्रकरणात रकमेचा मोठा भाग परत मिळाला तर तो स्वीकारून मोकळं व्हावं, असंच मी पक्षकारांना सांगतो.

तडजोड झाली तर तिचा कागदही नीट करा. डीलर "सर्व हिशेब पूर्ण, कोणतीही तक्रार नाही" असं लिहून घेतो आणि पैसे संध्याकाळी पाठवतो म्हणतो. त्या कागदावर "रु. ____ माझ्या खात्यात जमा झाल्यावरच हे लागू" हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहा, मगच सही करा. आयोगात तक्रार दाखल झालेली असेल तर पैसे जमा झाल्याचं बँकेत दिसेपर्यंत ती मागे घेऊ नका, आणि सहीच्या कागदाची एक प्रत त्याच वेळी डीलरच्या सही-शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा.